‘हिरव्या नरका’तली शर्यत : धक्का न लावता गाडी कशी काढावी?

गेल्या हंगामात ठिबक संचाची मोका पाहणी करायला एका गावी गेलो होतो. काम आटोपेपर्यंत दिवस मावळला. चहासाठी डाळिंबवाल्या काकांच्या घरी बसलो, तर आतल्या खोलीतून मोटारीचा घुंईघुंई आवाज. काका कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “साहेब, पोरगं डिप्लोमा झालेलं आहे, दिवसभर बागेत राबतं, पण रात्र पडली की त्या कॉम्प्युटरवर गाड्या पळवत बसतं. तुम्हीच सांगा चार शब्द.”

चार शब्द सांगायला म्हणून मी आत गेलो आणि दीड तास तिथंच बसलो! शेतकरी बंधूंनो, आपल्या घरातली पोरे हा खेळ खेळत असतील, तर तो काय आहे हे आपल्यालाही ठाऊक असावे, म्हणून आज खतापाण्याचा विषय बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

या खेळाला सिम रेसिंग म्हणतात. टेबलाला आवळलेले स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, समोर पडदा. जगातल्या खऱ्या शर्यतीच्या रस्त्यांची लेसरने मोजणी करून प्रत्येक चढ, उतार, खड्डा त्यात आणलेला असतो. टायर तापतात, झिजतात, डिझेल-पेट्रोल संपते. आणि पडद्यावरच्या इतर गाड्या यंत्र चालवत नाही. वीस-तीस देशोदेशीची माणसे आपापल्या घरून त्याच वेळी चालवत असतात.

डोंगराळ मुलखातला रस्ता

त्या दिवशी पोरगा ज्या रस्त्यावर होता, तो जर्मनीतला. त्या देशाच्या पश्चिमेला आयफेल नावाचा डोंगराळ, गरीब मुलूख होता. तिथल्या हातांना काम मिळावे हाही हेतू ठेवून १९२५ साली शर्यतीचा रस्ता बांधायला घेतला, १९२७ मध्ये तो खुला झाला. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामासारखाच प्रकार म्हणा ना. नाव नुरबुर्गरिंग. त्याचा उत्तरेकडचा जुना वळसा, नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटरचा आहे. वळणे ७३. सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे ठिकाण यांत सुमारे ३०० मीटरचा फरक.

रस्ता अरुंद. कडेला गवताची पट्टी, तिला लागूनच पोलादी कठडा. चाक गवतावर गेले की गाडी कठड्यावरच. जॅकी स्टुअर्ट या नामांकित चालकाने या रस्त्याला ‘हिरवा नरक’ म्हटले, ते नाव कायमचे चिकटले. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा हा विश्वविजेता इथेच बर्गवेर्क वळणाच्या अलीकडे आदळला, गाडी पेटली, तो भयंकर भाजला. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या लांब वळशावर पुन्हा झाली नाही.

इथे कारुसेल नावाचे वळण आहे. त्याच्या आतल्या अंगाला पूर्वी पाणी निघून जाण्याची चारी होती. कारात्सिओला नावाच्या चालकाने आतली चाके त्या चारीत टाकून गाडी वळवण्याची युक्ती काढली, असे सांगतात. आज तिथे तिरपे काँक्रीट आहे आणि गाड्या त्यातूनच जातात.

माझीच चूक

नाद लागला. मीही घरी जुने स्टिअरिंग आणून बसवले. पंधरा दिवस एकट्याने फेऱ्या मारल्या आणि वाटले, आता जमले. पहिल्याच शर्यतीत उतरणीवरून भरधाव खाली आलो, पुढे चढ, आणि चढापलीकडे न दिसणारे आडेनाउअर फोर्स्ट हे हळू घेण्याचे वळण. पुढच्या गाडीने वेळेवर ब्रेक लावला, मी लावला नाही. दोन-अडीच मिनिटांत दोघेही बाहेर.

दुसऱ्या दिवशी पोराला हसत हसत सांगितले, तर तो हसला नाही. म्हणाला, “साहेब, तुमचं गेलं ते गेलं. पण त्या माणसाची अख्खी संध्याकाळ गेली की. त्याचं काय चुकलं होतं?” मला उत्तर सुचले नाही.

गुणांचा हिशेब

आयरेसिंग या २००८ पासून चालू असलेल्या खेळात याचा हिशेब ठेवतात. रस्ता सोडला तर एक दोषगुण, ताबा सुटला तर दोन, दुसऱ्याला जोरात धडक दिली तर चार. चूक कोणाची हे यंत्र बघत नाही, धडक झाली की दोघांच्याही खात्यावर गुण पडतात. किती वळणांमागे किती दोष, यावरून सुरक्षिततेचा दर ठरतो, आणि तो सुधारला तरच वरच्या वर्गाचा परवाना मिळतो. म्हणजे नुसते जोरात पळून भागत नाही. ७३ वळणांची एक फेरी धक्का न लावता काढली तर खात्यावर चांगली भर पडते. उलट एका घाईने महिन्याची कमाई जाते.

पोराने सांगितलेली पद्धत

१) रस्ता तुकड्यातुकड्याने पाठ करावा. चार-पाच किलोमीटर पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२) पहिल्या फेरीत टायर थंड असतात, गाड्यांची दाटी असते. ब्रेक नेहमीपेक्षा अलीकडे लावावा. पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे न बघता तिच्या पलीकडचा रस्ता बघावा.

३) अरुंद जागी पुढे काढण्याचा हट्ट करू नये. फेरीच्या शेवटी डॉट्टिंगर होए ही दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टी आहे. तिथवर मागे राहावे आणि मग निघावे.

४) कोणी शेजारी आलाच तर त्याला एका गाडीची वाट ठेवावी.

५) गाडी गरकन फिरली तर ब्रेक दाबून जागेवर थांबावे. मागची सगळी रांग गेल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. एकट्याची चूक पाच जणांची होते ती इथेच.

लाईट आणि नेट

ग्रामपंचायतीच्या मंडळींनी हे वाचावे. आपल्या गाडीची जागा नेटवरून दुसऱ्याला कळायला थोडा वेळ लागतो. ताशी २०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते. नेटने सेकंदाचा पाचवा हिस्सा उशीर केला, तर ती ११ मीटर पुढे गेलेली असते. ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहील एवढे हे अंतर! म्हणून नेट डगमगत असेल त्या दिवशी हा पोरगा शर्यतीत उतरत नाही, एकटाच सराव करतो. मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडते, म्हणून इन्व्हर्टर ठेवला आहे. ग्रामपंचायतीपर्यंत फायबरची तार आली असेल, तर ती पुढे घरोघर कशी जाईल हे बघा. पोरांना खेळापेक्षाही शिक्षणाला आणि बाजारभावाला तिचा उपयोग आहे.

नुसता पोरखेळ नव्हे

मॅक्स वेरस्टापेन हा २०२१ ते २०२४ असा सलग चार वर्षे फॉर्म्युला वनचा विश्वविजेता. तोही हा खेळ घरी खेळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो खऱ्या नॉर्डश्लाइफवर उतरला, तर त्यालाही आधी कमी ताकदीच्या गाडीतून फेऱ्या काढून तिथला परवाना मिळवावा लागला. विश्वविजेता म्हणून सवलत नाही! पुढे २७ सप्टेंबरला त्याने तिथली शर्यत जिंकली. त्याचा जोडीदार ख्रिस लुलहॅम हा तर संगणकावरच्या शर्यतीतून पुढे आलेला चालक.

म्हणून प्रत्येक पोरगा तिथवर जाईल असे नाही. चाक-पेडलला पैसे लागतात, काही खेळांना दरमहा वर्गणी पडते, जागरणही होते. पालकांनी वेळ आणि खर्च दोन्ही बांधून द्यावेत. आणि खेळात गाडी मोडली तर बटण दाबून नवी मिळते, रस्त्यावर मिळत नाही, हेही सांगावे.

त्या संध्याकाळी पोराने मला मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडले. पुढे उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना चमकपट्टी. रस्ता एकेरी, वळणावळणाचा. मला एस.टी. गाठायची घाई होती. म्हटले, “अरे, काढ की पुढं.” त्याने वेग आणखी कमी केला, अंतर वाढवले आणि म्हणाला, “सरळ रस्ता येऊ द्या साहेब.”

एस.टी. चुकली. पुढच्या गाडीची वाट बघत तासभर फाट्यावर बसलो. काकांना मात्र चार शब्द सांगायचे राहून गेले, ते आज इथे सांगितले.