बाळंतिणीचं सोंग

बाळंतपणानंतर अंगावरून फार रक्त जायला लागलं की सिस्टर घाबरत नाहीत का, असं मला बायका विचारतात. घाबरतात हो! मीही घाबरले होते. पण नशीब, माझ्यापुढची बाळंतीण सोंगाची होती.

प्रशिक्षणात आमच्या मॅडमनी पोटाला एक पिशवी बांधली होती. 'मामा नटाली' म्हणतात तिला. नाव मामा, काम बाळंतिणीचं! आत बाहुलीचं बाळ, वार, गर्भपिशवी आणि लाल पाणी. पाणी सोडायची कळ मॅडमच्याच हातात. बाळ झालं, वार पडली, पण लाल पाणी थांबेना. "सिस्टर, डोळ्यांपुढं अंधारी येतेय," मॅडम कण्हल्या. मी डॉक्टरांना फोन करायला धावले. परत आले तर पाणी खाटेखाली ठिबकत होतं.

मग सगळ्या गोल करून बसलो. कुणी रागावलं नाही. मॅडमनी एवढंच विचारलं, "तू गेलीस तेव्हा बाईपाशी कोण होतं?"

बाईला सोडायचं नाही, हाक मारून मदत बोलवायची, पोटावरून गर्भपिशवी चोळून घट्ट करायची, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, सलाईन, वार पुरती पडली का ते बघायचं. सगळं मला पाठ होतं. पाय मात्र फोनकडे पळाले. ही चूक बाहुलीपुढं झाली, म्हणून कुणाचा जीव गेला नाही.

दुसऱ्या दिवशी नुसता कागद दिला: रात्रीचे दोन, सिस्टर एकटी, बाळंतिणीची नाडी जलद चालतेय. आधी काय कराल? उत्तर कुणी सांगेना. कपडे किती भिजले, लघवी झाली का, 108 ची गाडी किती लांब, हे आम्हीच एकमेकींना विचारत वाट काढली.

मोजून लाल पाणी कापडावर ओतलं आणि किती ते ओळखायला सांगितलं, तेव्हा तर आम्ही सपशेल फसलो. बहुतेकींनी कमीच सांगितलं. अर्धा लिटर, म्हणजे दुधाची एक लहान पिशवी, एवढं रक्त गेलं की धोका समजायचा. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्याआधीही धोका असतो.

म्हणून तुम्ही सुनेबरोबर, लेकीबरोबर दवाखान्यात असाल, तर भिजलेले कपडे लाजून खाटेखाली सारू नका. लगेच सिस्टरला हाक मारा आणि सगळे कपडे दाखवा.