नकाशावरची रेघ घरावर येण्याआधी… शहराच्या विकास आराखड्यात सामान्य नागरिकाला बोलता येते का?

रस्ता किती रुंद, मैदान कुठे, नदीकाठ मोकळा राहणार की नाही, हे ठरवणाऱ्या आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क कोणालाही आहे. तो केव्हा आणि कसा वापरायचा? वाचा सविस्तर…

छत्रपती संभाजीनगर : जून २०२५ मध्ये मुकुंदवाडी परिसरात जालना रस्त्यालगतच्या बांधकामांवर महापालिकेचे बुलडोझर चालले. त्यानंतर रस्ता रुंदीकरणाची ही मोहीम शहरातील इतर प्रमुख रस्त्यांवरही पोहोचली. तेव्हा चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत एकच प्रश्न फिरत होता, ‘आपला रस्ता डीपीत किती मीटरचा आहे?’

प्रश्न बरोबर होता, पण तो विचारण्याची खरी वेळ बुलडोझर येण्याच्या कितीतरी आधीची असते. ती वेळ कायद्याने ठरवून दिली आहे आणि ती फार लांब नसते.

डीपी म्हणजे नेमके काय?

डीपी म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणजेच ‘एमआरटीपी’ कायद्यानुसार तो तयार होतो. कोणती जमीन निवासी, कोणती औद्योगिक, हरित पट्टा कुठे, शाळा, दवाखाना, उद्यान, दफनभूमी, स्मशानभूमी यांची आरक्षणे कुठे आणि रस्ते किती रुंद, हे सगळे त्यात नकाशावर आखले जाते. हा आराखडा २० वर्षांतून किमान एकदा सुधारावा लागतो. म्हणजे आज शाळेत जाणारे मूल नोकरीला लागेल तेव्हाचे शहर कसे असेल, हे आजच कागदावर उतरते.

संभाजीनगरच्या आराखड्याचे काय झाले?

शहराच्या आराखड्याचा प्रवास सरळ झाला नाही. विस्तारित हद्दीचा सुधारित प्रारूप आराखडा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१६ मध्ये रद्द ठरवला. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. शहर मात्र थांबले नाही. गुंठेवारीतील वसाहती वाढत गेल्या आणि आरक्षणे कागदावरच राहिली. अखेर मार्च २०२४ मध्ये नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर हजारो हरकती दाखल झाल्या.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. महापालिकेतील नगरसेवकांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे प्रारूप आराखडा आला तेव्हा ‘नगरसेवकाला सांगू, तो बघेल’ हा नेहमीचा मार्ग बंद होता. नागरिकाच्या हाती उरली होती ती स्वतःची लेखी हरकत.

नागरिकांना संधी केव्हा मिळते?

• प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर : राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना येते. नकाशे पाहण्यासाठी खुले होतात. सूचनेत दिलेल्या मुदतीतच हरकत लेखी द्यावी लागते. सर्वांत महत्त्वाची संधी हीच.

• सुनावणीत : हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाचे जास्तीत जास्त ४ जाणकार असावेत, अशी कायद्यातील मूळ रचना आहे. हरकत घेणाऱ्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक आहे.

• राज्य सरकारच्या टप्प्यावर : अंतिम मंजुरी सरकार देते. त्या वेळी आराखड्यात मोठ्या स्वरूपाचे बदल करायचे झाल्यास ते पुन्हा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात.

घर स्वतःच्या नावावर नसेल तर?

तरीही हरकत घेता येते. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असा उल्लेख आहे. जमीनमालक असण्याची अट नाही. भाडेकरू, हातगाडीवाला, विद्यार्थी, रोज त्या मैदानावर फिरायला येणारे आजोबा, कोणीही लेखी म्हणणे देऊ शकते. बाँडपेपरवर प्लॉट घेतलेल्या गुंठेवारीतील कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

हरकतीने खरेच काही बदलते का?

बदलते. मुंबईचे उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या प्रारूप आराखड्यात नागरिकांनी चुका शोधून काढल्या. त्यावर सुमारे ६५ हजार हरकती व सूचना आल्या. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

मैदानाच्या वतीने हरकत कोण घेणार?

स्वतःच्या प्लॉटवर आरक्षण पडले की मालक धावत येतो. ते स्वाभाविकच आहे, तो त्याचा हक्कही आहे. पण मैदानाचे आरक्षण उठले किंवा हरित पट्टा निवासी झाला, तर एकट्या-दुकट्याचे थेट नुकसान दिसत नाही. थोडे थोडे नुकसान सगळ्यांचे होते, म्हणून हरकत कोणीच घेत नाही. कागदावर मग एकाच बाजूचे म्हणणे उरते.

खाम नदी हे याचे जवळचे उदाहरण. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले खडकी, म्हणजे आजचे आपले शहर, याच नदीकाठी वाढले. पुढे नदीचा नाला झाला. अलीकडच्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक आणि इकोसत्त्व यांच्या पुढाकाराने तिचे पुनरुज्जीवन सुरू झाले. नागरिकही हातात झाडू आणि फावडे घेऊन काठावर उतरले. या श्रमांचे मोल मोठे आहे. पण काठ झाडून स्वच्छ करणे आणि तो नकाशात मोकळा राखणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पूररेषेच्या आत बांधकामाला वाट मिळाली, तर कितीही रविवार श्रमदान केले तरी नदी अरुंदच होणार. पूर्वेकडच्या सुखना नदीलाही हेच लागू होते.

हरकत कशी लिहावी?

१. नकाशातील शीट क्रमांक आणि गट, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक लिहा. ‘आमच्या भागात अन्याय झाला’ एवढ्याने अधिकाऱ्याला जागा सापडत नाही.

२. एका अर्जात एकच मुद्दा ठेवा.

३. पुरावा जोडा : सातबारा, मालमत्ता पत्रक, बांधकाम परवानगी, जागेचे फोटो, जुन्या आराखड्यातील नोंद.

४. पर्याय सुचवा. रस्ता नको असेल, तर तो कुठून नेता येईल तेही सांगा.

५. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घ्या. सुनावणीला हजर राहा आणि म्हणणे लेखीही द्या.

छापील मजकुरावर नुसती नावे बदलून शेकडो अर्ज दिले, तर संख्या वाढते, मुद्दा एकच राहतो. त्यापेक्षा वसाहतीतील १० जणांनी १० वेगवेगळ्या जागांबद्दल नेमके लिहिले, तर समितीला प्रत्येकाचा विचार करावा लागतो.

मुदत निघून गेली असेल तर?

सगळे संपत नाही. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर एमआरटीपीच्या कलम ३७ खाली सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. मैदानाचे आरक्षण बदलण्याचे प्रस्ताव याच वाटेने येऊ शकतात. वृत्तपत्रातील बारीक अक्षरांतील जाहीर सूचना म्हणूनच वाचायच्या असतात.

दुसरे म्हणजे कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. त्यामुळे आपल्या वॉर्डातील किती आरक्षित जागा ताब्यात आल्या, हे नव्या नगरसेवकांना विचारायला हवे. माहिती अधिकारातही ते विचारता येते.

सुरुवात अगदी साधी आहे. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपल्या गल्लीचा नकाशा एकदा पाहा. घरासमोरचा रस्ता किती मीटरचा, मागचे मैदान कशासाठी राखीव, नाल्याच्या कडेला कोणता रंग भरला आहे, एवढे टिपून घ्या. पुढची जाहीर सूचना येईल तेव्हा हरकत लिहायला तेवढे टिपण पुरेसे ठरेल.