त्वचेचा लालसरपणा

त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे तिचा एखादा भाग तांबूस दिसू लागतो. या अवस्थेस त्वचेचा लालसरपणा किंवा रक्तिमा म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांचे लक्षण आहे. त्यामुळे उपचार कारणानुसार बदलतात.

स्वरूप

त्वचेस इजा, जंतुसंसर्ग किंवा वावडे असलेल्या पदार्थाचा स्पर्श झाल्यास तेथील पेशींतून हिस्टामिनसारखी द्रव्ये स्रवतात. रक्तपुरवठा वाढून ती जागा उष्ण लागते व सुजते. बोटाने दाबल्यास अशी लाली क्षणभर नाहीशी होते. दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके त्वचेत रक्त झिरपल्याचे दर्शवतात. सावळ्या वर्णावर लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते. तेथे रंगापेक्षा उष्णता, सूज आणि खाज यांवरून ती ओळखणे सोपे जाते.

वऱ्हाडातील प्रमुख कारणे

ऊन व घाम : अकोला आणि अमरावती येथे उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. घामाच्या नलिका बंद होऊन पाठीवर व मानेवर घामोळ्या उठतात.

गाजर गवत : मूळचे अमेरिका खंडातील हे तण पडीक जमिनीत व धुऱ्यांवर माजते. त्यातील पार्थेनिन या द्रव्याचे अनेकांना वावडे असते. गवताचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडत असल्याने पापण्या, मान आणि कोपराची लवण हे भाग लाल होऊन खाजतात.

बिब्बा : मेळघाटच्या जंगलात बिब्ब्याची झाडे आढळतात. फळाच्या सालीतील दाहक तेल अंगास लागल्यास लाली येऊन फोड उठतात. यालाच बिब्बा उतणे म्हणतात.

कीटकनाशके : कपाशीवर फवारणी करताना द्रावण अंगावर पडून दाह होतो. काही कीटकनाशके त्वचेतून शरीरात शोषली जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. द्रावण सांडल्यास भिजलेले कपडे तत्काळ काढून अंग साबणाने धुणे आवश्यक असते.

नायटा : या बुरशीजन्य विकारात लाल कडा असलेली गोल चकंदळे उठतात. स्टेरॉइडयुक्त मलमाने लाली तात्पुरती ओसरते, परंतु बुरशी पसरत राहते आणि पुढे निदान अवघड होते.

कुष्ठरोग : फिकट किंवा लालसर चट्टा, न खाजणारा, न दुखणारा आणि स्पर्श न जाणवणारा, हे या रोगाचे महत्त्वाचे लक्षण आहे. त्रास होत नसल्याने त्याकडे दुर्लक्ष होते आणि तेवढ्या काळात मज्जातंतूंची हानी होऊन हातापायांत विकृती येऊ शकते. पूर्वी या रोगाच्या भीतीने रुग्णांना घराबाहेर काढले जाई. अशा रुग्णांसाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीत तपोवन ही संस्था उभारली. आता बहुविध औषधोपचाराने हा रोग साधारणतः ६ ते १२ महिन्यांत बरा होतो आणि ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.

वैद्यकीय सल्ला

लालीसोबत ताप, वेगाने पसरणारी सूज, तोंडात फोड किंवा श्वास घेण्यास त्रास असल्यास त्वरित रुग्णालयात जावे. नवे औषध सुरू केल्यावर अंगावर लाल चट्टे उठल्यास ते औषध दिलेल्या डॉक्टरांना लगेच कळवावे. बधिर चट्टा कितीही लहान असला, तरी तो तपासून घेणे आवश्यक आहे.