क्रँक बदलायचा म्हणजे

पावसाळी बंदीत कोकणातल्या बंदरांवर मासळीचा वास कमी होतो आणि ग्रीसचा वाढतो. नौका वर ओढलेल्या, त्यांची जुनी डिझेल इंजिने बाहेर काढून उघडलेली. यांतली पुष्कळशी मूळ ट्रकच्याच जातीची, समुद्रासाठी बदलून घेतलेली. त्यामुळे क्रँकशाफ्ट मोडला की भंगारातल्या ट्रकचा आणून बसवण्याचा मोह होतो. नवा महाग, आणि हंगाम तोंडावर.

बँकेत असताना नौकांच्या कर्जाची प्रकरणे माझ्या टेबलावरून जात. दुरुस्तीच्या बिलात 'क्रँक बदलला' एवढीच ओळ असे. त्या ओळीवर नाखव्याचे वर्ष अवलंबून असते, आणि भर समुद्रात इंजिन बंद पडले तर खलाशांचे जीवही.

क्रँक ब्लॉकमध्ये बसला म्हणजे जमला असे नव्हे. स्ट्रोक तोच हवा, फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोके जुळायला हवीत, मागच्या ऑइल सीलची जागाही. वजनांचा तोल तर एकाच घराण्यातल्या दोन इंजिनांत वेगळा असू शकतो. मग जर्नल मायक्रोमीटरने मोजायचे. झिजले असतील तर ग्राइंडिंग करून अंडरसाइझ बेअरिंग घालतात : दहाचे, वीसचे, तीसचे. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांचे. दहा म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. घासताना जर्नलच्या कडेची गोलाई जाऊन कोपरा धारदार झाला, तर भेग तिथूनच सुरू होते. ती डोळ्यांना दिसत नाही, चुंबकीय तपासणीत दिसते. या तपासणीचे पैसे वाचवणाऱ्याला मी तरी हिशेबी म्हणणार नाही.

आणि जुना का मोडला? ट्रकला उतार लागला की इंजिनाला विसावा मिळतो. जाळे ओढणारे इंजिन तासन्‌तास एकाच भाराखाली असते. पंखा इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठा असेल, तेलात खारे पाणी शिरले असेल, किंवा पुढच्या डँपरचे रबर मेले असेल, तर नवा क्रँकही त्याच वाटेने जायचा.

इंजिन परत बसवल्यावर गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणावे लागतात. किनाऱ्यावर जुळवून भागत नाही. लाकडी नौका पाण्यात उतरली की तिचा आकार किंचित बदलतो. जाणता मिस्त्री ती तरंगू लागल्यावर कपलिंग सोडतो, दोन फ्लँजमधली फट फीलर गेजने चारही बाजूंनी मोजतो, आणि इंजिनाखालच्या पत्र्याच्या चकत्या कमीजास्त करतो. या कामाचे वेगळे बिल माझ्या टेबलावर कधी आले नाही.