खर्ऱ्यानं तोंड उघडेना? हळद कामी येते, पण आधी पुडी सोडा

अमरावती/अकोला : आधी मिरचीचा ठेचा तोंडात झोंबायला लागतो. मग गालाच्या आत कडक, पांढरट पट्टे हाताला लागतात. पुढं पुढं भाकरीचा घास लहान करावा लागतो, कारण तोंडच पूर्ण उघडत नाही. पानठेल्यावरचा घोटलेला खर्रा रोज खाणाऱ्या कितीतरी पोरांवर वऱ्हाडात ही वेळ येते. या आजाराचं नाव 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस'.

नेमकं होतं काय?

जखम भरताना शरीर कोलॅजन नावाचे धागे विणतं आणि काम झालं की थांबतं. सुपारीतलं अरेकोलिन हे विणकाम थांबूच देत नाही. वरून सुपारीतलं टॅनिन तयार धागे विरघळू देत नाही. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात ना, तेच टॅनिन! म्हणजे आपण आपलाच गाल आतून कमावत असतो. दोष एकट्या तंबाखूचा नाही, नुसत्या सुपारीनंही हा आजार होतो. यातल्या काहींना पुढं तोंडाचा कॅन्सर होतो.

नागपूरचा प्रयोग

हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करतं आणि धागे विणण्याचा हुकूम देणाऱ्या रसायनाला आवर घालतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयानं हे रुग्णांवर तपासलं. 2015 मध्ये त्याचा अहवाल छापून आला. 30 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला कर्क्युमिनच्या चघळायच्या गोळ्या, दुसऱ्याला नेहमीचं स्टिरॉइड मलम. कर्क्युमिनवाल्यांचं तोंड सरासरी सुमारे 6 मिलिमीटर जास्त उघडलं, मलमवाल्यांचं 3 मिलिमीटरच्या आत.

फायदा खरा, पण 6 मिलिमीटर म्हणजे अर्ध्या बोटाहूनही कमी. रुग्णही 30 च. टोमॅटोतलं लायकोपीन आणि कोरफड यांच्याही चाचण्या झाल्या आहेत. आग आणि ताठरपणा थोडा कमी होतो, मात्र जुने पट्टे पूर्ण जात नाहीत.

घरची हळद चालेल का?

हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन शंभरात तीन भागांच्या आसपास असतं, आणि पोटातून ते रक्तात फार कमी उतरतं. म्हणून हळदीचं दूध प्या, पण त्याला औषध समजू नका. कर्क्युमिनच्या गोळ्याही मनानं घेऊ नका. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्रास होऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : सकाळी गोळी अन् दुपारी खर्रा, असं केलं तर उपयोग शून्य. एकीकडं धागे उसवायचे अन् दुसरीकडं विणत राहायचे, असं होईल.

आजच तपासा

आरशासमोर तोंड उघडा. आपलीच तीन बोटं उभी रचून समोरच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील, तिखट सहन होत नसेल किंवा दोन आठवड्यांत न भरणारा छाला असेल, तर अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठा आणि दंत विभागात दाखवा. तोंड उघडायचे व्यायामही तिथंच शिकून घ्या. खर्रा सोडायला मदत हवी असेल तर 1800-112-356 हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो.

तीन बोटांची दोन व्हायच्या आधी पुडी सुटली, तर पुढचं सगळं सोपं जातं.