आकड्याला नाव हवे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा रब्बी ज्वारीचा एक वाण आहे. संशोधकांच्या दप्तरी तो 'एसपीव्ही १४११', शेतकऱ्यांसाठी मात्र 'परभणी मोती'. वाण कुठला आणि दाणा कसा, हे नावातच आले. नुसत्या १४११ वरून काय कळणार?

संगणकाचेही तसेच आहे. प्रिंटर, वजनकाटा अशा यंत्रांशी संगणकाची गाठ घालून देणाऱ्या आज्ञावलीला 'ड्रायव्हर' म्हणतात. तिच्यात काही ठरीव आकडे असतात, त्यांना स्थिरांक म्हणतात. समजा, मोंढ्यातला इलेक्ट्रॉनिक काटा सीरियल पोर्टने संगणकाला जोडला आहे. त्या पोर्टच्या चिपमध्ये 'रजिस्टर' नावाचे छोटे कप्पे असतात. 'लाइन स्टेटस' कप्प्यात ३२ किमतीचा बिट लागला, की पुढचे अक्षर पाठवायला जागा झाली, असा अर्थ. शेजारच्याच 'मोडेम कंट्रोल' कप्प्यात तोच ३२ काही चिपमध्ये 'माहितीची ये-जा आपोआप आवर' असा हुकूम होतो.

आता आज्ञावलीत नुसते ३२ लिहून ठेवले, तर चार वर्षांनी दुरुस्तीला बसलेल्या मुलाने कोणता अर्थ घ्यायचा? तो चुकला तर काटा मुका होईल आणि माल घेऊन आलेला शेतकरी ताटकळेल.

म्हणून लिनक्समध्ये या दोघांना वेगळी नावे आहेत: 'यूएआरटी_एलएसआर_टीएचआरई' आणि 'यूएआरटी_एमसीआर_एएफई'. आधी चिप, मग कप्पा, शेवटी काम. जणू गाव, गल्ली, घर. ही अक्षरे चिपच्या माहितीपुस्तिकेशी जुळती ठेवावीत, म्हणजे शोधणाऱ्याला खूण सापडते. वेळेचा आकडा असेल तर सेकंद की मिलिसेकंद, हेही नावात यावे. आणि ३२ ला 'बत्तीस' असे नाव देऊन काहीच साधत नाही. नावाने अर्थ सांगावा.

पण नावाचा हट्टही नको. फाइल कोणी वाचावी, कोणी लिहावी हे ठरवणारा ०६४४ हा आकडा जाणकारांच्या डोळ्यांत बसलेला आहे. त्यासाठीच्या लांबलचक नावांपेक्षा तो आकडाच सोपा, असे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ मध्ये बजावले.

संगणकाला नावाशी देणेघेणे नाही. त्याच्यापर्यंत आकडाच पोचतो. नाव असते ते आपल्यामागून येणाऱ्या माणसासाठी. त्याला कोडे न घालता वाट दाखवावी, एवढेच.