पिकअपला हायड्रॉलिक हायब्रिड: दीडपट अ‍ॅव्हरेजचा खरा हिशेब

गैरसमज: ‘हायड्रॉलिक हायब्रिड बसवला की पिकअपचं अ‍ॅव्हरेज दीडपट होतं.’

पिंपळगावच्या बाजार समितीपासून अंबडच्या गॅरेजपर्यंत हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की आता कागद-पेन्सिल घेऊन बसायलाच हवं. हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसानं असल्या भरवशावर आणखी पैसे घालावेत, हे पाहवत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. एरवी ब्रेक मारला की गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. इथे ब्रेकच्या वेळी चाकं एक पंप फिरवतात. पंप मजबूत टाकीत तेल ढकलतो आणि टाकीतला नायट्रोजन आवळला जातो. दाब 350 बारच्या आसपास जातो. गाडी उठताना तेच तेल परत येतं आणि पंपाला मोटरसारखं फिरवून चाकांना रेटा देतं. यात खोटं काही नाही.

दीडपटीचा आकडाही हवेतला नाही. 2006 मध्ये अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए आणि ईटन कंपनी यांनी यूपीएसच्या पार्सल गाडीत ही यंत्रणा बसवली. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत अ‍ॅव्हरेज 60 ते 70 टक्के वाढल्याचं जाहीर झालं. पण ती गाडी दारोदार पार्सल वाटणारी, घडोघडी थांबणारी होती! शिवाय त्या फायद्यात इंजिन सोयीच्या वेगावर चालवण्याचा आणि गरज नसताना बंद ठेवण्याचा मोठा वाटा होता. तो आकडा उचलून आपल्या कांद्याच्या गाडीला चिकटवता येत नाही.

आता आपला हिशेब. भरलेली पिकअप 3 टनांची धरू. ताशी 50 किलोमीटरवरून ती पूर्ण थांबली, तर सुमारे 290 किलोज्यूल ऊर्जा सुटते. त्यातली 60 टक्के पुन्हा चाकाला मिळाली, असं उदारपणे धरलं तरी डिझेल इंजिनच्या हिशेबात एका थांब्याला वाचतं जेमतेम 15 मिलिलिटर. पिंपळगाव ते वाशी म्हणजे साधारण 200 किलोमीटर. लिटरला 12 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर 17 लिटरच्या आसपास डिझेल जळणार. वाटेत असे 20 थांबे झाले, तर वाचलं 300 मिलिलिटर. दोन टक्केसुद्धा नाही!

इथे हमखास उत्तर येतं, ‘पण कसारा घाट आहे ना! उतरताना टाकी भरून घेऊ.’ घाटात सुमारे 300 मीटर उतार आहे. 3 टनांची गाडी तो उतरते तेव्हा जवळपास 8,800 किलोज्यूल ऊर्जा सुटते. 50 लिटरच्या टाकीत मावते 500 किलोज्यूलच्या आसपास. वारा आणि टायर आपला वाटा घेऊन गेले, तरी घाटाच्या सुरुवातीलाच टाकी तुडुंब भरते. पुढचा सगळा घाट नेहमीसारखाच, इंजिनच्या आणि ब्रेकच्या भरवशावर उतरायचा.

आणि वजन? टाक्या, तेल, पंप मिळून 200 ते 250 किलो सहज होतात. टोमॅटोचे 20 किलोचे दहा-बारा क्रेट म्हणा. डिझेलमध्ये वाचलं ते भाड्यात गेलं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘बॅटरीपेक्षा यात दम कमी.’ उलट आहे. ही टाकी क्षणात भरते आणि क्षणात जबरदस्त रेटा देते. तिच्यात साठा मात्र फार थोडा मावतो.

‘नायट्रोजन पेट घेतो.’ नायट्रोजन जळत नाही, म्हणून तर तो वापरतात. भीती दाबाची आहे. बारीक छिद्रातून सुटलेलं तेल कातडी भेदून आत जातं, तेव्हा गळती हातानं चाचपायची नाही.

‘तेल कंपन्यांनी हे दाबून टाकलं.’ मग फोर्डनं 2002 च्या डेट्रॉइट प्रदर्शनात एफ-350 टोंका ही अशीच पिकअप साऱ्या जगासमोर कशी मांडली? ती बाजारात आली नाही. ईटननं कचऱ्याच्या ट्रकसाठीची आपली यंत्रणा 2013 मध्ये बंद केली. फ्रान्सच्या पीएसएनं बॉशला, म्हणजे नाशिककरांच्या मायकोला, सोबत घेऊन केलेला ‘हायब्रिड एअर’ही पुढे गुंडाळला. अडलं ते खर्चाशी आणि गिऱ्हाइकाशी.

‘कुठल्याही गॅरेजात किट बसवता येतं.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही. मान्यता नसलेलं किट लावलं तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

मग हे तंत्र निकामी आहे का? मुळीच नाही. दर दोन घरांना थांबणाऱ्या घंटागाडीसारख्या जड वाहनाला ते शोभतं, अमेरिकेत कचऱ्याच्या ट्रकवर ते चाललंही. मात्र आता तिथेही बॅटरीची गाडी समोर उभी आहे. कोलोरॅडोची लायटनिंग हायब्रिड्स ही कंपनी हायड्रॉलिक सोडून विजेकडे वळली. तेव्हा कुणी किट विकायला आलं तर त्याला एवढंच विचारा: माझ्या गाडीला शंभर किलोमीटरमध्ये पूर्ण ब्रेक किती वेळा लागतो, आणि या किटनं माझा किती लोड कमी होतो? या दोन आकड्यांशिवाय बोलणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.